माथ्यावरची एकच ओळ

...आणि वर तोंड करून म्हणतात काय, तर 'जयवंतीबाई, एकच ओळ!' एकच ओळ म्हणे! अहो, एक ओळ म्हणजे काय असतं ते त्या माणसाला एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या हाताने करायला लावा, आणि मला समोर खुर्ची टाकून बसू द्या, हातात भाजलेल्या शेंगांची पुडी द्या, बाकी ह्या जन्मी मला काही नको. नाही, हसू नका. हसणारी माणसं मी लक्षात ठेवते, आधीच सांगते. माझं काय नुकसान झालंय ते तुम्हाला अजून ठाऊक नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात, एकुलत्या एका भावाच्या, करवली म्हणून मिरवली कोण, तर आमची आत्तेबहीण मथू. मथू! जिला स्वतःचा अंबाडा धड घालता येत नाही, ती नवरदेवाच्या मागे करा घेऊन उभी! आणि मी कुठे? मी मद्रासला. का? तर एकच ओळ.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्हीही माझ्याबरोबर चिडाल. चिडायचंच आहे, त्यासाठीच सांगतेय.

आम्ही साताऱ्याचे. ह्यांना मद्रासजवळ आवडी म्हणून गाव आहे, तिथल्या कारखान्यात नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, आणि दिवसभर घरात बसून मी करू काय, तर हे म्हणाले, "तुझं बी.एस्सी.चं गणित गंजत पडलंय, गिंडीला त्या सरकारी कचेरीत गणकयंत्र आलंय म्हणे, मुलींना घेताहेत, जा, तेवढाच वेळ जाईल." वेळ जाईल! आमच्या विद्याधरपंतांचं एक वाक्य आजवर खरं झालं असेल तर तेवढंच.

आता गणकयंत्र म्हटलं की तुम्हाला वाटेल, काय विद्वान वस्तू असेल! थाट तर असा, की आम्ही बाहेर घामाने निथळतोय आणि त्याला मात्र स्वतंत्र गार खोली, दाराशी चपला काढा, आत मोठ्याने बोलू नका, अगदी घरात जावई आल्यासारखं. आणि अक्कल? तुम्हाला सांगते, त्याला पाढेसुद्धा येत नाहीत. थट्टा नाही करत. सकाळी चालू केलं की आधी त्याच्या पोटात पाढे घालायचे, गुणाकाराचे आणि चक्क बेरजेचेही, तेव्हा कुठे ते दोन आणि दोन चार म्हणतं. दुसरीतला पोरगा परवडला. आणि शब्द तर त्याला कळतच नाहीत. त्याला कळतात आकडे. म्हणजे साहेब आपले झोकात कागदावर लिहिणार, 'भारात वजन मिळव', 'लांबी वजा कर', 'अमक्या ओळीवर जा', आणि मी काय करायचं, तर त्याचे आकडे. 'मिळव' म्हणजे एकवीस. 'वजा कर' म्हणजे बावीस. 'जा' म्हणजे एकोणपन्नास. मग भार कुठल्या घरात ठेवलाय त्या घराचा नंबर, वजन कुठल्या घरात त्याचा नंबर, सगळं तक्त्यात बघून, पेन्सिलीने, शेजारी शेजारी, की झाली एक ओळ. अशा ओळींखाली ओळी, पानांमागून पानं. डोळे मिटले तरी आकडे दिसायचे. एकदा सासूबाईंनी विचारलं, आमटीत काय घातलंस, आणि मी म्हटलं, एकवीस.

पण ते चाललं असतं. खरं दुखणं घरांचं. हे नीट ऐका, कारण माझी करवली इथे बुडाली. आमच्या क्वार्टरांची रांग डोळ्यांपुढे आणा. ओळीने घरं, प्रत्येकाला नंबर. आता त्या रांगेत मध्येच कोणी एक बिऱ्हाड घुसवलं तर काय होईल? खालच्या प्रत्येकाला चंबूगबाळं उचलून एकेक घर पुढे सरकावं लागेल, होय ना? बरं, नुसतं सरकून भागत नाही. दूधवाला, पोस्टमन, इस्त्रीवाला, ज्याने ज्याने कोणाचा पत्ता धरून ठेवलाय त्या सगळ्यांना नवे पत्ते. नाहीतर नायरांचं दूध आमच्याकडे आणि आमच्या सासूबाई नायरांकडे. यंत्राच्या पोटात अगदी तसंच. साहेबांनी मध्ये एक ओळ घातली, की तिच्याखालच्या सगळ्या ओळी सरकल्या, सगळ्यांचे नंबर बदलले, आणि 'अमक्या ओळीवर जा' असं जिथे जिथे म्हटलंय तिथे तिथे खोडा, पुन्हा मोजा, पुन्हा लिहा. मग कार्डांना भोकं पाडणारी आमची कनका, गरीब गाय, तिने ती सगळी कार्डं नव्याने भोकायची. कशापायी? एकच ओळ.

साहेबांचं नाव वादिराज राव. तंजावरकडचे, आपल्यापैकीच म्हणायचे, म्हणजे घरात मराठी बोलतात. पण मराठी कसलं! एकोजीराजांबरोबर तंजावरला गेलं ते तिथेच राहिलं, परत फिरकलंच नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "आपल्या भाषेची बाई आली, बहु संतोष जाहला." मलाही बरं वाटलं हो. मद्रासेत कोणी 'बहु संतोष' म्हणालं तर कोणाला बरं वाटणार नाही? मला काय ठाऊक, की त्या संतोषाचा अर्थ आता ह्या माणसाला माझ्यावर दोन भाषांमध्ये काम लादता येणार असा आहे! कागद घेऊन यायचे, अगदी हळू, देवळात आल्यासारखे, टेबलाशी उभे राहायचे, आणि बोटाचं पेर दाखवून म्हणायचे, "बाई, ओरे ओरु वरी. एकच ओळ. सुम्मा घालून टाका." सुम्मा म्हणजे सहज, उगीच आपलं. मी कावरीबावरी होऊन विचारायची, "कुठे घालू?" "हें इथें, मधें." मध्येच! ह्या माणसाला शेवटी घालण्यासारखी ओळ आयुष्यात कधी सुचली नाही.

घरी हे एकदा म्हणाले, "अगं, हे पत्ते बदलण्याचं काम यंत्रच करू शकत नाही का?" करू शकतं! तेच तर! यंत्राबरोबर त्याची कार्डं आलेली आहेत, खोकं भरून, शब्द द्या आणि आकडे घ्या, ते स्वतः सगळं करतं. मी गेले साहेबांकडे. म्हटलं, "साहेब, हे यंत्राकडून करून घेऊ या का?" तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी यंत्राला भांडी घासायला सांगितली. म्हणाले, "अय्यो बाई, यंत्राचा वेळ मोलाचा." आणि मग अतिशय प्रेमाने, बरं का, अतिशय प्रेमाने, "तुमचा तर आहेच."

तुमचा तर आहेच! ते वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलं. त्या दिवशी ठरवलं, ह्याचा सूड घेईन तर नावाची जयवंती.

आणि अशात दादाचं लग्न ठरलं. आता करवली म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्याकडे करवलीचा मान नवऱ्या मुलाहून काकणभर जास्तच. तिने रुसायचं, मग सगळ्यांनी समजूत काढायची. तिला साडी पसंत पडली नाही तर मांडवात कुजबुज. आणि शेवटी नवी नवरी घरी आली की दार अडवून उभी कोण? बहीण! 'तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का, बोल, तरच आत सोडीन!' लहानपणापासून मी ते दार अडवायची वाट बघत होते. आरशासमोर हात पसरून उभी राहून तालीम केली होती. मूल अजून एकही नाही, पण तालीम होती. निळी कांजीवरम घेतली. मुंबई मेलची शुक्रवार संध्याकाळची तिकिटं काढली. ह्यांनी नवी वळकटीसुद्धा आणली.

अर्ज घेऊन साहेबांकडे गेले. त्या शुक्रवारी सकाळी दिल्लीहून कोणी मोठे पाहुणे यंत्र बघायला येणार होते, आणि त्यांना दाखवायचं होतं आमचं पुलाचं गणित. कुठल्या तुळईवर किती भार पडतो ते यंत्र भराभर सांगणार आणि टंकयंत्रावर छापून देणार. साहेब म्हणाले, "पाहुणे गेले कीं तुम्हीही जा. भावाचें लग्न, मी कां अडवूं?" आणि अर्जावर इंग्रजीत लफ्फेदार 'मंजूर' लिहिलं. मी इतकी खूश झाले की त्यांचं मागचं सगळं माफ करून टाकलं. मूर्खासारखं. माफ केलेलं मग परत घ्यावं लागतं, तो एक वेगळाच ताप.

कारण लगेच सुरू. "बाई, ओरे ओरु वरी. भार ऋण आला तर?" म्हटलं, "साहेब, पुलावर ऋण भार कसा येईल? पुलावरून भुतं जाणार आहेत का?" "असूं द्या. एकच ओळ." सरकवा घरं! ते संपेतो, "बाई, पाहुण्यांचें नांव आरंभीं छापावें." सरकवा! ते होतंय तोवर, "नांवाआधीं 'श्रीयुत' राहिलें." अहो, आधी नाही सुचत? एकदा मी म्हटलं, "साहेब, एक युक्ती करू. नवी ओळ मध्ये नको, लांब रिकाम्या जागेत ठेवू. मध्ये नुसतं 'तिकडे जा' म्हणायचं, तिथलं काम झालं की 'परत ये'. कोणाचंच घर हलायला नको." सगळीकडे करतात हो असं! तर म्हणतात, "छे. पाहुण्यांनीं कागद मागितला तर? असें इकडेतिकडे उड्या मारणारें काम बरें दिसत नाहीं. घरंदाज दिसलें पाहिजे." घरंदाज! यंत्राला पाढे येत नाहीत, पण घरंदाज!

तरी मी केलं. दात ओठ खाऊन केलं, पण सगळं केलं. शेवटची ओळ तपासली, कनकाने शेवटचं कार्ड भोकलं, आम्ही दोघींनी डब्यातला दहीभात वाटून खाल्ला, आणि मी जरा पाठ टेकते न टेकते तोच समोर देवळातली चाल.

"बाई, सगळें उत्तम. परि एक राहिलें."

मी खाली ठेवलेली पेन्सिल पुन्हा उचलली.

"पिळ्ळैयार सुळि."

आता हे काय ते सांगते. इथली माणसं किराण्याची यादी करायला बसली तरी आधी कागदाच्या माथ्यावर आपल्या दोनच्या आकड्यासारखं एक वळण काढतात, खाली दोन रेघा मारतात, आणि मग डाळ-तांदूळ. पिळ्ळैयार म्हणजे गणपती, त्याची ती खूण. आपण 'श्री' लिहितो ना, तसं. चांगली चाल आहे, माझं काही म्हणणं नाही, गणपती माझाही आहे. पण साहेब म्हणाले, "एवढे मोठे पाहुणे, पहिलेंच प्रदर्शन, आणि माथ्यावर सुळि नाहीं? कार्डांवर शाईनें काढून उपयोग नाहीं, यंत्राला दिसत नाहीं. आंत पाहिजे. एक्केचाळीस घाला."

एक्केचाळीस म्हणजे काय माहीत आहे? 'काही करू नकोस.' खरंच तशी आज्ञा आहे. यंत्राने ती वाचायची, काहीही करायचं नाही, आणि पुढे जायचं. काहीही न करणारी एक ओळ! आमच्या कचेरीत काही न करणारी माणसं कमी होती म्हणून आता ओळही! आणि कुठे? सगळ्यांच्या माथ्यावर! मी म्हटलं, "साहेब, वर जागा नाही हो, वर यंत्राचे पाढे बसलेत, ते हलत नाहीत. वर एक ओळ घातली तर खालची झाडून सगळी सरकणार, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, एकही वाचणार नाही." साहेबांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि म्हणाले, "ओरे ओरु वरी."

तेव्हा तुम्हाला सांगते, मी एकदम शांत झाले. माझी मला भीती वाटली, इतकी शांत. म्हटलं, "बरं, साहेब. घालते ओळ."

आणि घातली. माझ्या पद्धतीने. माथ्यावर एक्केचाळीसच्या जागी लिहिलं एकोणपन्नास. शेवटच्या एका आकड्याचा फरक, एकाच्या जागी नऊ! 'काही करू नकोस'च्या जागी 'जा'. कुठे जा? लांब, शेवटच्या रिकाम्या घरांकडे. तिथे मी दोनच ओळी ठेवल्या. पहिली, टंकयंत्रावर छाप. दुसरी, परत पहिलीवर जा. झालं! म्हणजे छाप, परत जा, छाप, परत जा, पुढे काही नाहीच, मागे काही नाहीच, जोवर कोणी 'थांब'चं बटण दाबत नाही तोवर तेच. आणि गंमत बघा, यंत्र खाली कधी येणारच नाही, मग खालची घरं सरकवायची कशाला? एकही सरकवलं नाही! सूडही झाला आणि कामही वाचलं, असा योग आयुष्यात कितीदा येतो? आणि छापायचं काय, तर साहेबांचंच बोलणं, इंग्रजी अक्षरांत: ओरे ओरु वरी. कनकाने कार्ड भोकताना वाचलं, माझ्याकडे बघितलं, पदराचा बोळा तोंडात घातला आणि म्हणाली, "अक्का, अजून एखादं भोक पाडू का?"

शुक्रवारी मी निळी कांजीवरम नेसूनच गेले. सामान घेऊन हे परस्पर स्टेशनवर येणार होते. माझा बेत साधा, यंत्राने ह्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडायची, दिल्लीच्या पाहुण्यांनी भुवया चढवायच्या, आणि त्यानंतर साहेब काय बोलतात ते ऐकायला मी मद्रासेत नसणार. दाराशी चपला काढून पाहुणे आत आले, धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे. साहेबांनी घसा साफ केला. कार्डं आत गेली. बटण दाबलं.

खट् खट् खट् खट्. ओरे ओरु वरी. ओरे ओरु वरी. ओरे ओरु वरी.

खोलीतल्या तमिळ मंडळींचे खांदे हलायला लागले. साहेब बघतात, पुन्हा बघतात, हळूच मान वळवतात, आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबते. आहाहा! तो क्षण मला कोणी चौकटीत घालून दिला तर देवघरात ठेवीन.

आणि पाहुणे विचारतात, "वादिराजजी, यह क्या लिख रहा है?"

आता हा माणूस मरतो असं मला वाटलं. पण तंजावरचं पाणी हो! साहेबांनी हात जोडले आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, आमच्याकडे आरंभी विघ्नेश्वराचं नाव घेतल्याशिवाय काम करत नाहीत. यंत्र जप करतंय."

पाहुण्यांचे डोळे भरून आले! भरून आले! "वाह! मशीन और जप!" म्हणत तेही हात जोडून उभे. मग काय, सगळ्यांनीच जोडले, ज्यांना हसू आवरत नव्हतं त्यांनी तर जास्तच घट्ट. मी जोडले. काय करणार? थोड्या वेळाने पाहुण्यांनी हळूच विचारलं, "कितनी बार?" साहेब म्हणाले, "एकशे आठ." ते होऊन गेले, खट् खट् चालूच. साहेब म्हणाले, "सहस्रनाम आहे." बटण दाबायची कोणाची छाती होईना, जप मध्येच तोडायचा कसा? यंत्राचा तो मोलाचा वेळ, ज्याच्यापुढे माझा वेळ म्हणजे केरकचरा, तो समोर भसाभस वाहून चालला होता, आणि सगळे भाविकपणे बघत होते. शेवटी टंकयंत्राचा कागद संपला, तेव्हा कुठे समाप्ती झाली. साहेबांनी बटण दाबलं. पाहुण्यांनी तो कागद घडी करून कपाळाला लावला, खिशात घातला, घड्याळ बघितलं आणि जेवायला गेले. तुळईचं नाव नाही! पुलाचं गणित कोणी विचारलंसुद्धा नाही! आणि जाता जाता काय म्हणाले? "हर प्रोग्राम में यह होना चाहिए."

सगळे गेले. मी पर्स उचलली. दाराशी साहेब. रागावले नाहीत हो, रागावले असते तर मी भांडले असते, मी तयारीत होते. माझी पानं हातात घेऊन उभे. म्हणाले, "बाई, खालचें कांहींच हलविलें नाहीं."

मी पर्स खांद्याला लावली.

"आतां हें पुरें करावें लागेल. आणि पाहुण्यांची आज्ञा आहे, इथल्या सगळ्या कामांच्या माथ्यावर सुळि. खरी सुळि, बाई. एक्केचाळीस."

म्हटलं, "साहेब, माझी गाडी! माझा अर्ज मंजूर आहे!"

"आहेच कीं." खिशातून अर्ज काढला, पेन काढलं, आणि 'मंजूर'च्या खाली, अगदी सावकाश, लिहिलं: काम संपल्यावर. माझ्यासमोर धरला, बोटाचं पेर दाखवलं, आणि म्हणाले, "एकच ओळ."

हे स्टेशनवर वळकटी घेऊन बसले होते. तीच वळकटी घेऊन परत आले.

लग्न झालं. मथूने दार अडवलं. फोटोत दिसतेय, दोन्ही हात पसरून, अंबाडा सुटलेला. मी इकडे घरं सरकवतेय, एकेका कामाच्या माथ्यावर 'काही करू नकोस' लिहितेय, आणि मनातल्या मनात शाप देतेय. साधेसुधे नाही, विचार करून देते. ह्या माणसाच्या मुलीचं लग्न निघू दे. मंडप भरू दे. मंगलाष्टकं अगदी संपत येऊ देत, अक्षता टाकायला हात वर जाऊ देत, आणि तेवढ्यात भटजींनी म्हणावं, थांबा हो, मधली एक ओळ राहिली, पुन्हा पहिल्यापासून! आणि ती म्हणून झाली की अजून एक! ह्यांच्या मुलीला मात्र काही होऊ नये, पोर चांगली आहे, मला हळदीकुंकवाला बोलावते. फक्त ह्यांनी उभं राहावं. उन्हात.

परवा दादाचं पत्र आलं. खाली कोपऱ्यात वहिनीने आपल्या अक्षरात लिहिलं होतं, 'वन्सं, दारात तुम्ही असाल असं वाटलं होतं.' बस, तेवढंच. मी रडले हो. खूप रडले. मग डोळे पुसले, आंतर्देशीय पत्र घेतलं, आणि म्हटलं, ह्या पोरीला सगळं कळवायचं, ह्या माणसाचं नाव साताऱ्यात दहा घरांत पोचलं पाहिजे. भरभर लिहीत गेले, बारीक अक्षरांत, वादिराज राव, त्यांचा जप, त्यांची सुळि, माझा अर्ज, सगळं, आणि शेवटी 'तुझी वन्सं, जयवंती' लिहायला जाते, तर कागद संपलेला. मोजून एका ओळीची जागा कमी! असं कसं झालं म्हणून वर बघितलं, तर माथ्यावर, माझ्याच हाताने, माझ्या नकळत काढलेली, दोन रेघांसकट... पिळ्ळैयार सुळि.

तसंच पाठवलं. बिनसहीचं. आता एका ओळीसाठी पुन्हा पहिल्यापासून कोण लिहीत बसतंय?